अंडं कललं कुणीकडे

"आईला काय विचारायचं, मावशी? तिला लंबवर्तुळ म्हटलं की अंडं आठवतं."

हे वाक्य मी पलंगाखालून ऐकलं. मी पलंगाखाली असण्याचं कारण म्हणजे माझ्या आईच्या चष्म्याचा स्क्रू. तो कुठेतरी घरंगळला होता. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईच्या घरात चष्म्याचा स्क्रू हरवावा, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. म्हणून मी कुणाला न सांगता फरशीवर पालथी पडून मोबाइलच्या उजेडात शोध घेत होते. वर माझी लेक तिच्या मावशीशी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीशी, फोनवर बोलत होती. तिची पावलं माझ्या नाकासमोर हलत होती. एका पायात निळा मोजा आणि दुसऱ्यात करडा.

"नाही गं, ओरडत नाही ती. पण अभ्यासातलं काही विचारलं की पाणी आणून देते."

यात खोटं काहीच नव्हतं. देते मी पाणी. उत्तर येत नसेल तर समोरच्याला निदान पाणी तरी द्यावं, अशी माझी आपली समजूत.

"मी काय म्हणते, परीक्षा होईपर्यंत मी तुझ्याकडेच येऊन राहू का? रविवारी न्यायला येशील?"

मी ताडकन उठून बसले. पलंगाखाली ताडकन उठून बसता येत नाही, हे डोक्याला कळायला वेळ लागला नाही.

"आई? तू खाली आहेस?"

"स्क्रू शोधतेय."

"सापडला?"

"सापडला," मी म्हणाले. तो सापडला नव्हता. पुढचे काही दिवस घरातल्यांना वेगळाच संशय होता, की हरवला आहे तो स्क्रू चष्म्याचा नसून माझ्याच डोक्यातला आहे.

आता माझ्या बहिणीबद्दल. ती कॉलेजात गणित शिकवते. वाईट अशी ती अजिबात नाही, आणि खरी अडचण तीच आहे. वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं! ती प्रेमळ आहे, वेळेवर येते, तिचे केस पावसाळी हवेतही जागच्या जागी राहतात आणि कुठलंही गणित पाहिलं की ती मान किंचित वाकडी करून म्हणते, "अरे, सोपं आहे." हे "सोपं आहे" ऐकलं की माझ्या पोटात कुणीतरी चिमटा काढतं. हिला चालायला मी शिकवलं. हिच्या पहिल्या वेण्या मी घातल्या. हिचं नाक मी पुसलं आहे. आणि आता माझी पोर माझ्या डोक्यावर बसून हिला विचारते, की मी तुझ्याकडे राहायला येऊ का!

जळफळाट म्हणतात तो हाच. मी त्याला इतके दिवस आम्लपित्त समजत होते.

लेकीचं अडलं होतं ते तिरप्या आकृत्यांपाशी. मावशीने तिला वाढदिवसाला आलेख काढणारा कॅलक्युलेटर दिला होता. समीकरण घातलं की त्याच्या छोट्या पडद्यावर वक्ररेषा सरसर उमटत जाते. तो तिच्या उशाशी झोपायचा. माझी जागा उशापासून उठून कधी स्वयंपाकघरात गेली ते मला कळलं नाही, पण त्या यंत्राला मात्र मऊ कापडाची पिशवी होती.

त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं, "कुठे जायची गरज नाही. ते तिरपं लंबवर्तुळ मी शिकवीन."

 हे हसले. हे म्हणजे आमचे हे. विम्याच्या कचेरीत असतात आणि घरात कुठलीही जोखीम पत्करत नाहीत.

"अगं, कशाला त्रास करून घेतेस? तुला पहिल्यापासून घराचीच आवड."

हे वाक्य आमच्याकडे दाराच्या पाटीसारखं आहे. येणारा-जाणारा वाचतो. धाकटीला बक्षीस मिळालं तेव्हा नातेवाईक म्हणाले, "हिला अभ्यासाची आवड, ताईला पहिल्यापासून घराचीच." ताई म्हणजे मी. धाकटी जन्मली तेव्हापासून आईसुद्धा मला ताईच म्हणते. मूळ नाव फक्त मतदार यादीत शिल्लक आहे.

आणि हा विषय निघाला की आई एकच गोष्ट करते. त्या दिवशीही तिने केली. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, "पंखा जरा कमी कर."

पंखा बंद होता. तरी यांनी उठून बटणाशी खुडबुड केली. आमच्या घराची ती रीतच आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानातून निघाले ती थेट सार्वजनिक वाचनालयात. मी माझं बरंचसं शिक्षण तिथेच केलं आहे, पण कथा-कादंबऱ्या आणि घरगुती औषधांच्या कपाटांत. गणिताच्या कपाटाशी आमची तोंडओळखही नव्हती. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, "ते अस्वस्थ, अपास्त वगैरे असतं ना, त्यावर पुस्तक हवं आहे."

त्या सहानुभूतीने म्हणाल्या, "अस्वस्थ? मानसिक आरोग्य दुसऱ्या मजल्यावर."

"नाही हो. आकृत्या असतात त्या."

"अन्वस्त?"

"तेच ते."

"ती पाठ्यपुस्तकं विद्यार्थी विभागात. ओळखपत्र?"

"माझं इथलं कार्ड आहे की. जुनं आहे."

"ते वाचकाचं. विद्यार्थ्याचं लागेल."

"पण मीच शिकणार आहे."

"कुठल्या कॉलेजात?"

"माझ्या घरी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. फ्रेम आमच्याच दुकानातली होती आणि ती त्यांना शोभत नव्हती. ती शोभते असं मीच त्यांना सांगितलं होतं, त्यामुळे मी जास्त ताणून धरलं नाही. शेवटी तडजोड झाली. पुस्तक घरी न्यायचं नाही, तिथेच बसून वाचायचं. विद्यार्थी विभागातल्या खुर्च्या शाळकरी मुलांच्या मापाच्या होत्या. मी बसले तेव्हा माझे गुडघे हनुवटीशी आले आणि आजूबाजूची मुलं मला कुणाची तरी आजी समजून आदराने सरकली. आजी! हाही अपमान गिळला.

पण काय सांगू, त्या खुर्चीत मला बरं वाटलं. किती बरं वाटलं, ते मी घरी कुणाला सांगितलं नाही.

मला समजलं ते असं. एक्स आणि वाय आपापल्या खोलीत राहतात, आपापले वर्ग सांभाळतात, तोवर लंबवर्तुळ सरळ असतं. आडवं असेल किंवा उभं, पण सरळ. मात्र समीकरणात एक्स आणि वाय एकमेकांना चिकटून बसले, म्हणजे एक्स गुणिले वाय असं पद आलं, की अख्खी आकृती कलते. हे मला एका वाचनात पटलं. आम्ही दोघी बहिणी एका खोलीत आलो की आमचं घर असंच कलतं.

पुढची अडचण यंत्राची. ते फक्त वायचं ऐकतं. "वाय बरोबर काय ते बोला," एवढंच त्याला कळतं. म्हणून वायला एक्सच्या गळामिठीतून आधी मोकळं करावं लागतं. त्यासाठी वर्गसमीकरणाचं एक लांबलचक सूत्र आहे. ते मी आठवडाभर पुटपुटत होते, भांडी घासताना, बसमध्ये, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवतानासुद्धा. एक गृहस्थ घाबरून म्हणाले, "बाई, माझा नंबर इतका वाईट आहे का?"

दुकानाचे मालक डोळे तपासतात. त्यांना वाटतं, जगातल्या सगळ्या अडचणी डोळ्यांच्या असतात. मी विचारलं, "सर, एखादी आकृती तिरपी असली तर काय करावं?"

"उजव्या डोळ्याने की डाव्या?"

"मुळातच तिरपी आहे ती."

"असं प्रत्येकालाच वाटतं," ते म्हणाले आणि त्यांनी मला खुर्चीत बसवून थेंब घातले. त्या दुपारी मला गिऱ्हाइकं, फ्रेम आणि मालक असं सगळंच तिरपं दिसलं. पैकी मालक तर दोन दिसले.

लेक कॉलेजात गेली की मी पिशवीतून कॅलक्युलेटर काढायची. चोरून. आई समोरच्या खुर्चीत शेंगा सोलत बघत असायची आणि काही बोलायची नाही.

सरावासाठी आधी साधं वर्तुळ घेतलं. पुस्तकात सांगितलं होतं, की वर्तुळाचे दोन तुकडे करायचे, वरचा अर्धा वेगळा आणि खालचा अर्धा वेगळा. वरचा अर्धा छान उमटला. मात्र तो गोल नव्हता, बसकट होता, कुणीतरी वर बसून उठल्यासारखा. पडदा रुंद आणि बुटका, म्हणून असं होतं. दोन्ही बाजूंची मापं सारखी करायचं बटण शोधेपर्यंत दुधाचं पातेलं जळलं. पण शेवटी कमान गोल झाली. "आई, बघ!" मी ओरडले. आईने बघितलं. शेंग सोलायची थांबून बघितलं.

खालचा अर्धा मात्र येईना. आधी वजाचं चिन्ह घालून तेच समीकरण लिहायचं, एवढंच तर होतं. लिहिलं की यंत्र म्हणायचं, "सिंटॅक्स एरर." पुन्हा लिहिलं. पुन्हा एरर. तिरपं लंबवर्तुळ घेतलं तर त्याचे दोन्ही तुकडे वजापासूनच सुरू होत होते, म्हणजे तिथे अर्धंही नशिबात नव्हतं. माझी अक्कल, माझी बोटं, माझा चष्मा, सगळं मी तपासून पाहिलं. खरं तर एक फोन करायचा अवकाश होता. पलीकडून आवाज आला असता, "अरे ताई, सोपं आहे." त्यापेक्षा मी जळकं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे दुरुस्तीवाले काका खाली आले. एके काळी ते रेडिओ दुरुस्त करायचे. आता रेडिओ कुणाकडे नाहीत, त्यामुळे ते लोकांचे संसार, मुलं आणि नळ दुरुस्त करतात.

"आपटून बघितलंत का?" ते यंत्राकडे बघून म्हणाले.

"आपटायचं नाही हो ते!"

"मग बॅटऱ्या काढा. यंत्र कुठलंही असो, त्याला जरा उपाशी ठेवलं की वळणावर येतं."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी मागचं झाकण उघडलं होतं. सगळ्या बॅटऱ्या काढल्या, आतली ती गोल चपटी बॅटरीसुद्धा, आणि फुंकर मारून परत बसवल्या. पडदा उजळला. नवा कोरा.  लेकीने आणि मावशीने मिळून त्यात साठवलेल्या सगळ्या आकृत्या, तिची सगळी सूत्रं, सगळं गेलं होतं.

"बघा, कसं स्वच्छ झालं!" काका म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले. मी त्यांना पाणी आणून दिलं.

रविवारी धाकटी आली. केस जागच्या जागी. लेकीची बॅग दारात तयार होती, आणि तिच्यावर माझीच शाल घडी घालून ठेवलेली, कारण मावशीच्या घरी गार वारा येतो. माझी शाल तिला चालते, मी चालत नाही, असा एक विचार मनात आला, आणि मी तो चहात ढवळला.

"मावशी, ते कललेलं लंबवर्तुळ दाखवते तुला," म्हणून लेकीने कॅलक्युलेटर उघडला. बटणं दाबली. पुन्हा दाबली. "अगं, हे रिकामं कसं?"

मी हातातली कपबशी टेबलावर ठेवली. "माझ्या हातून झालं. म्हणजे काकांच्या हातून. पण यंत्र मी काढलं होतं."

"तू? कशाला?"

"तुला शिकवायला."

"आई, महिन्याचं काम होतं त्यात! तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुला यातलं काही—" ती थांबली. पण वाक्य थांबलं तरी त्याचं शेपूट खोलीभर दिसत होतं.

"जाऊ दे गं," हे सांत्वनासाठी पुढे झाले. "तिने हौसेने केलं. आता तिला पहिल्यापासून घराचीच—"

"पंखा कमी कर," आई म्हणाली.

"दे इकडे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी यंत्र घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि सगळ्यांसमोर बोटं चालवायला लागले. एक्सचा वर्ग, अधिक एक्स वाय, अधिक वायचा वर्ग, बरोबर बारा. हे मला आमच्या घराच्या पत्त्यासारखं पाठ होतं. त्यातून मी वायला सोडवलं, कंस उघडला, वजा एक्स लिहिलं, अधिक वर्गमूळ, कंस मिटला, भागिले दोन. मग दुसरा तुकडा. शेवटचं बटण दाबलं.

सिंटॅक्स एरर.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

धाकटी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी कान घट्ट केले. आता येणार, "सोपं आहे" येणार.

ती म्हणाली, "ताई, हे वाय तू मोकळं केलंस?"

"हो."

"स्वतः? कुठून शिकलीस?"

"वाचनालयात. बुटक्या खुर्चीत बसून."

"ताई, हे सगळं बरोबर आहे." आज तिची मान वाकडी नव्हती. "माझ्या वर्गातली निम्मी मुलं इथपर्यंत येत नाहीत. फक्त हे बघ. या यंत्रावर दोन बटणं आहेत. ही लांब रेघ म्हणजे वजा. आधीच्या कशातून तरी काढून घ्यायचं असेल तेव्हा ही. आणि खाली कंसातली ही छोटी रेघ, ती उणे. आधी काहीच नाही, आकडा मुळातच शून्याच्या खालचा, तेव्हा ती. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. यंत्राला मात्र फरक कळतो. तू वजा दाबत होतीस, आणि ते विचारत होतं, की कशातून वजा?"

तिने माझं बोट धरलं. लहानपणी मी तिचं धरायची, अगदी तसंच. आणि त्या छोट्या रेघेवर नेऊन ठेवलं. दोन्ही ठिकाणी मीच दाबलं.

पडद्यावर वरची रेघ निघाली, डावीकडून चढली, वळली आणि उजवीकडे उतरली. मग खालची निघाली. मधोमध एक अंडं उभं राहिलं, डावीकडे कललेलं, कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकत असल्यासारखं. दोन्ही टोकांना वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांना टेकत नव्हते, बारीकशी फट होती.

"ही फट?" मी घाबरून विचारलं.

"राहते ती. प्रत्यक्षात जोडलेलंच असतं गं. यंत्राला तेवढं बारीक दिसत नाही."

लेक पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे तिने असं शेवटचं कधी बघितलं होतं, ते मला आठवेना. "आई, तुला हे येतं? म्हणजे, तुला हे आवडतं?"

मी पदराने पडदा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मग तू आठवीतून शाळा का सोडलीस?"

 धाकटी स्वतःच्या नखांकडे बघायला लागली. ह्यांनी तोंड उघडलं, पाटीवरचं वाक्य वाचायला, आणि का कोण जाणे, मिटलं. त्याऐवजी ते सवयीने उठले आणि पंख्याच्या बटणाकडे निघाले.

"राहू दे तो पंखा," आई म्हणाली.

हे बटणाशी हात ठेवून तसेच उभे राहिले.

आईने शेंगांचं ताट मांडीवरून बाजूला ठेवलं. तिच्या चष्म्याला अजून स्क्रू नव्हता. एका बाजूने तो दोऱ्याने बांधला होता, त्यामुळे तिचा चेहराही जरा कललेला दिसत होता. ती धाकटीला म्हणाली, "काय म्हणालीस तू मघाशी? दोन असतात? एक मुळातलंच कमी, आणि एक काढून घेतलेलं?"

"हो, आई."

"दिसायला सारखंच?"

"हो."

"मग ही ताई मुळातली कमी नव्हती. हिला आवड होती. गणिताच्या बाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या. तू तान्ही होतीस, मला कामावर जायचं होतं, म्हणून हिला मी काढली शाळेतून. मी काढली." आईने एकदा दारातल्या बॅगेकडे बघितलं, मग धाकटीकडे. "एकदा हिची शाळा घेऊन तुला दिली. आता हिची पोर नको नेऊस, बाई."